भोंगा झाला की कान झाकणारं पोर



ऊसनोंदीसाठी आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरतो. गळीत हंगामात कारखान्याचा भोंगा झाला, की एखादं पोर कान गच्च दाबून घरात पळतं. मिक्सर लागला तरी रडतं. पण नावानं हाक मारली तर वळून पाहत नाही. घरचे म्हणतात, "हट्टी आहे." तसं नसतं. यामागे स्वमग्नता असू शकते.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. त्यांत यंत्रांच्या आवाजाला, प्रसंगी वाऱ्यालाही घाबरणारी मुलं होती. काहींना तर लोक बहिरं समजत.

दारं धरताना आपण एका सरीला पाणी देतो, बाकीच्या बांधून ठेवतो. मेंदूही हवा तो आवाज घेतो, नको ते अडवतो. यांतल्या बऱ्याच मुलांना हे अडवणं जमत नाही. सगळ्या सऱ्यांत पाणी एकदम शिरतं. मग पंख्याची घरघर आणि आईची हाक सारखीच होते.

म्हणून पोराला मारू नका. सवय व्हावी म्हणून बळंच ट्रॉलीजवळ नेऊ नका. मिक्सर, मोटर लावण्याआधी त्याला सांगा. गोंगाटात कान झाकायला साधन द्या, निवांत कोपरा द्या. आधी कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

ट्रॅक्टरवर टेप लावणाऱ्या बंधूंनीही वस्तीजवळ आवाज कमी ठेवावा, ही विनंती.