दोन क्लॉकच्या सीमेवरचा सिग्नल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुने नागपूरकर आजही जिला व्हीआरसीई म्हणतात, ती १९६० साली सुरू झालेली संस्था २००२ साली एनआयटी झाली. आजच्या या व्हीएनआयटीत व्हीएलएसआय डिझाइनचा एम.टेक. अभ्यासक्रम आहे, आणि शहरातल्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतही एफपीजीए बोर्डवर प्रकल्प होतात. अशा प्रकल्पांत एक दुखणं वारंवार दिसतं : सर्किट दिवसभर नीट चालतं आणि मधेच, काही कारण न दिसता, अडकतं. बरेचदा मूळ एकच असतं. एका क्लॉकवर चालणाऱ्या भागातला सिग्नल दुसऱ्या क्लॉकच्या भागात सरळ नेऊन जोडलेला असतो. या जोडणीविषयीचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : डिजिटल सर्किटमध्ये ० किंवा १ याशिवाय काही नसतं.

वस्तुस्थिती : फ्लिप-फ्लॉपला क्लॉकच्या कडेआधी आणि कडेनंतर थोडा वेळ इनपुट स्थिर लागतं. हेच सेटअप आणि होल्ड टाइम. नेमकं त्याच क्षणी इनपुट बदललं, तर आउटपुट ० आणि १ यांच्या मधल्या व्होल्टेजवर रेंगाळू शकतं किंवा निर्णयाला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ शकतं. ही मेटास्टेबिलिटी. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर रनआउटचा निकाल देताना बॅट क्रीजमध्ये पोहोचण्याचा आणि बेल्स उडण्याचा क्षण यांच्यातला फरक जितका कमी, तितका तिसऱ्या पंचाला जास्त वेळ लागतो, तसंच हे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेनी आणि मोलनार यांनी १९७३ साली प्रत्यक्ष मोजमापांनिशी हे मांडलं. तोवर अनेक अभियंत्यांचा यावर विश्वासच बसत नव्हता.

गैरसमज २ : दोन फ्लिप-फ्लॉप लावले की मेटास्टेबिलिटी संपते.

वस्तुस्थिती : ती संपत नाही, तिच्यामुळे चूक होण्याची शक्यता घटते. पहिला फ्लिप-फ्लॉप रेंगाळला तरी दुसरा त्याचं आउटपुट वाचेपर्यंत जवळपास एक क्लॉक सायकल मिळते, आणि तेवढ्यात तो बहुधा ० किंवा १ वर येतो. दोन बिघाडांमधला सरासरी काळ, म्हणजे एमटीबीएफ, या मिळालेल्या वेळेनुसार घातांकी वेगाने वाढतो. फ्लिप-फ्लॉपचा स्वतःचा एक कालांक असतो. तेवढा वेळ जास्त मिळाला की एमटीबीएफ सुमारे २.७ पट होतो. असे दहा कालांक जास्त मिळाले, तर सुमारे २२,००० पट! म्हणूनच दोन फ्लिप-फ्लॉपची ही जोडी, म्हणजे सिंक्रोनायझर, बहुतेक ठिकाणी पुरते. क्लॉकचा वेग खूप वाढला की हा मोकळा वेळ आटतो आणि तिसरा फ्लिप-फ्लॉप लावावा लागतो. या फ्लिप-फ्लॉपच्या मध्ये कोणतंही लॉजिक घालू नये आणि चिपवर ते जवळजवळ ठेवावेत, कारण तारेत गेलेला वेळ याच वेळेतून वजा होतो.

गैरसमज ३ : दोन्हीकडे ५० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे क्लॉक एकच.

वस्तुस्थिती : दोन वेगळे क्रिस्टल कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत ५० इतकाच फरक धरला, तरी ५० मेगाहर्ट्झला तो सेकंदाला २,५०० सायकलींचा होतो. म्हणजे एका क्लॉकची कड दुसऱ्याच्या कडेवरून सेकंदाला २,५०० वेळा सरकत जाते. धोक्याचा क्षण पुन:पुन्हा येणारच. स्रोत वेगळे असतील, तर क्लॉक डोमेन, म्हणजे एकेका क्लॉकवर चालणारे भाग, वेगळे मानावेत.

गैरसमज ४ : आठ बिटांच्या बसला आठ सिंक्रोनायझर लावले की झालं.

वस्तुस्थिती : प्रत्येक बिट एखादी सायकल मागेपुढे पोहोचू शकतो. ७ चा ८ होताना ०१११ चं १००० होतं, चारही बिट बदलतात. काही जुने आणि काही नवे वाचले गेले, तर कधीच नसलेला आकडा हाती येतो. मोजणी पुढे पाठवायची असेल तर ग्रे कोड वापरतात. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाच्या या कोडमध्ये एका पावलाला एकच बिट बदलतो, त्यामुळे वाचलेला आकडा जुना किंवा नवा, पण खराच असतो. दोन क्लॉकमधल्या फिफोचे (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणाऱ्या रांगेचे) पॉइंटर याच आधारावर चालतात. इतर डेटासाठी तो स्थिर धरून फक्त एक नियंत्रण सिग्नल सिंक्रोनाइझ करावा. एकच सिग्नल दोन ठिकाणी वेगवेगळा सिंक्रोनाइझ करणंही याच कारणाने चूक आहे.

गैरसमज ५ : सिंक्रोनायझर असला की कोणताही पल्स पोहोचतो.

वस्तुस्थिती : १०० मेगाहर्ट्झवरचा एका सायकलचा पल्स १० नॅनोसेकंदांचा असतो. पलीकडे २५ मेगाहर्ट्झ असेल, तर तिथल्या दोन कडांत ४० नॅनोसेकंदांचं अंतर. चारांतले साधारण तीन पल्स दिसणारच नाहीत. म्हणून घटनेगणिक पातळी उलटी करावी आणि पलीकडे तो बदल ओळखावा, किंवा पोच मिळेपर्यंत सिग्नल धरून ठेवावा. घटना लागोपाठ येत असतील तर पोच घेणं किंवा फिफो हाच मार्ग.

गैरसमज ६ : पुश बटणाला डिबाउन्स केलं की पुरे.

वस्तुस्थिती : बटणाचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, डिबाउन्स त्याचा उपाय. पण बोट कोणत्याही क्लॉकला विचारून बटण दाबत नाही. म्हणून आधी सिंक्रोनायझर, मग डिबाउन्सचा काउंटर. बटण थेट स्टेट मशीनला जोडलं, तर तिचे काही फ्लिप-फ्लॉप जुनी किंमत पाहतात, काही नवी, आणि मशीन अस्तित्वात नसलेल्या स्टेटमध्ये जाऊन अडकू शकते.

गैरसमज ७ : सिम्युलेशन चाललं, टायमिंग रिपोर्टही स्वच्छ आहे, म्हणजे डिझाइन बरोबर.

वस्तुस्थिती : नेहमीच्या आरटीएल सिम्युलेशनमध्ये मेटास्टेबिलिटी दिसतच नाही. टायमिंगचं विश्लेषणही एकमेकांशी नातं असलेल्या क्लॉकपुरतंच खात्री देतं. असंबंधित क्लॉकमधले मार्ग बहुधा त्यातून वगळलेलेच असतात. त्यासाठी क्लॉक डोमेन क्रॉसिंगची तपासणी वेगळी करावी लागते.

चाचणी कितीही वेळ चालवली, तरी महिन्यातून एकदा येणारा बिघाड प्रयोगशाळेतल्या दुपारी सापडत नाही. म्हणून कोड लिहिण्याआधी कागदावर सगळे क्लॉक मांडावेत, सीमा ओलांडणारा प्रत्येक सिग्नल लिहावा आणि त्यासमोर त्याचा उपाय लिहावा : दोन फ्लिप-फ्लॉप, पोच की फिफो. ज्या ओळीसमोर उपाय लिहिता येत नाही, ती जोडणी अजून करायची नाही.