कॉइलओव्हर सस्पेन्शनची जुळवणी

कॉइलओव्हर हा मोटारीच्या सस्पेन्शनचा एक प्रकार आहे. यात शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच संच असतो. मूळ संचाऐवजी बसवल्या जाणाऱ्या समायोज्य कॉइलओव्हरच्या नळीवर आटे पाडलेले असतात. त्यांवरील कडे फिरवून गाडीची उंची, तर वेगळ्या खुंटीने डॅम्पिंग बदलता येते.

उंचीचे परिणाम

गाडी खाली आणल्यास गुरुत्वमध्य खाली येतो. मात्र चाकाला वर सरकण्यासाठी उरणारी जागाही कमी होते. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत खालची आर्म चाकाकडे चढती झाली, तर रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. स्प्रिंग तेवढीच मऊ राहिल्यास अशी गाडी वळणावर पूर्वीपेक्षा अधिक कलते.

जुळवणीचा क्रम

प्रथम टायरमधील हवेचा दाब योग्य करून गाडी सपाट जागी उभी करतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून उंची ठरवतात. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग सैल पडू नये. उंची बदलली की कॅम्बर व टो बदलतात, म्हणून त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोतही तपासतात. डॅम्पिंग शेवटी जुळवतात. खुंटी पूर्ण बंद करून तेथून उलट दिशेने 'क्लिक' मोजतात व एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना समान ठेवतात. डॅम्पिंग फार कमी असल्यास गाडी हेलकावे खाते. फार जास्त असल्यास खडबडीत रस्त्यावर टायर उसळून पकड सुटते. नवीन स्प्रिंग काही दिवसांत किंचित बसतात; त्यामुळे उंची व अलाइनमेंट पुन्हा तपासावे लागते.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील रस्ते

घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शिळ रस्त्यावर पावसाळ्यात खड्डे पडतात. त्यामुळे या भागात उंचीची मर्यादा वळणावरील पकडीपेक्षा रस्ताच ठरवतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. २.६ मीटर चाकांतराची गाडी त्याच्या मध्यावर असताना चाकेही सुमारे ५ सेंटिमीटर वर चढलेली असतात. म्हणून उभ्या गाडीच्या तळाखाली सुमारे ५ सेंटिमीटर जागा पुरते. तेवढ्याच उंचीचा गतिरोधक अरुंद असल्यास मात्र पूर्ण १० सेंटिमीटर जागा लागते. चालत्या गाडीचे सस्पेन्शन दबत असल्याने प्रत्यक्षात याहून अधिक जागा राखावी लागते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ठाण्यातील (एमएच ०४) आणि कल्याणमधील (एमएच ०५) वाहनांची नोंदणी तेथील प्रादेशिक परिवहन कार्यालयांत होते.