गर्भाशय काढल्यानंतरचा मासिक स्राव

‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत गर्भाशयाची शस्त्रक्रिया आपल्याकडे सांगून संपते. पिशवी गेली तेव्हा पाळीही गेली, असे ऐकणारा गृहीत धरतो आणि जिच्यावर शस्त्रक्रिया झाली ती स्त्रीही तसेच मानते. म्हणून काही महिन्यांनी दर महिन्याला, ठरल्यासारखे, दोन-तीन दिवस थोडे डाग दिसू लागले की ती भांबावते. शस्त्रक्रिया अर्धवट तर राहिली नाही ना, आत काही भयंकर तर वाढत नाही ना, अशा शंका तिला छळतात, आणि संकोचापायी ती त्या बोलूनही दाखवीत नाही.

गर्भाशय हा सुमारे सात-आठ सेंटिमीटर लांबीचा, उलट्या धरलेल्या नासपतीच्या आकाराचा स्नायुमय अवयव आहे. त्याचा वरचा रुंद भाग म्हणजे गर्भाशयाचे शरीर. खालचा, योनिमार्गात किंचित उतरलेला निमुळता भाग म्हणजे ग्रीवा, अर्थात गर्भाशयाचे मुख. संपूर्ण शस्त्रक्रियेत हे दोन्ही भाग काढले जातात, तर अंशतः शस्त्रक्रियेत केवळ शरीर काढून ग्रीवा जागच्या जागी ठेवतात. दोहोंचेही वर्णन बोलीभाषेत ‘पिशवी काढली’ असेच होते, आणि घोटाळा नेमका येथेच होतो.

पाळीचे रक्त ग्रीवेतून येत नाही. ते येते शरीराच्या आतल्या अस्तरातून. बीजांडकोशांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे हे अस्तर दर महिन्याला जाड होते आणि संप्रेरके ओसरली की गळून पडते. परंतु शरीर कोठे संपते आणि ग्रीवा कोठे सुरू होते, हे दाखविणारी रेघ निसर्गाने आखून ठेवलेली नाही. दोघांच्या सांध्याजवळ अस्तर हळूहळू बदलत जाते. शल्यविशारदाची सुरी त्या सांध्याच्या जराशी वरून फिरली, तर मूळ अस्तराची एखादी पट्टी ग्रीवेच्या माथ्याशी उरते. बीजांडकोश शाबूत असले तर त्यांचा मासिक निरोप या पट्टीपर्यंतही पोहोचतो. पट्टी लहान, म्हणून स्रावही थोडा. बीजांडकोशही काढले गेले असतील किंवा रजोनिवृत्ती झाली असेल, तर हा स्राव थांबावयास हवा.

असे किती जणींच्या बाबतीत घडते? लंडनमध्ये २७९ स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात, ग्रीवा राखलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७ टक्के स्त्रियांना मासिक स्राव होत असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेपूर्वीच याची कल्पना देणे म्हणूनच डॉक्टरांचे कर्तव्य ठरते.

मग ग्रीवा ठेवतातच कशाला? प्रारंभी तो नाइलाज होता. मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी १८४३ मध्ये पोट उघडून गर्भाशय काढले, पण रुग्ण वाचली नाही; अमेरिकेतील वॉल्टर बर्नहॅम यांची १८५३ मधील रुग्ण वाचली. दोघांनीही ग्रीवा मागे ठेवली होती. ग्रीवेलगत मूत्रवाहिन्या आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, शिवाय योनिमार्ग उघडला की जंतुसंसर्गाचे भय. १९२९ मध्ये एडवर्ड रिचर्डसन यांनी संपूर्ण गर्भाशय काढण्याची पद्धत मांडली. पुढे प्रतिजैविके आणि रक्तदानाची सोय झाल्यावर, उरलेल्या ग्रीवेला कर्करोग होऊ नये म्हणून, तीच रूढ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीवा राखण्याकडे पुन्हा कल वळला. ती राखल्याने लैंगिक सुख आणि मूत्राशयाचे कार्य अधिक चांगले राहते, असा दावा होता. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही. बाळंतपणातील अनावर रक्तस्राव किंवा मूत्राशयाला घट्ट चिकटलेले गर्भाशय अशा प्रसंगी ग्रीवा ठेवणे आजही शहाणपणाचे असते.

नियमित, अल्प आणि वेदनारहित स्राव तपासणीनंतर निर्धोक ठरला, तर त्याला उपचाराची गरज नसते. तो फारच त्रासदायक असेल तर संप्रेरके देणे, ग्रीवेची नलिका जाळणे किंवा शेवटी ग्रीवा काढून टाकणे हे मार्ग आहेत. परंतु तपासणी टाळू नये. डाग वेळी-अवेळी पडत असतील, समागमानंतर दिसत असतील, स्रावाला दुर्गंधी येत असेल किंवा रजोनिवृत्तीनंतर तो सुरू झाला असेल, तर त्याचा मासिक चक्राशी संबंध लावून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. मांसांकुर, जंतुसंसर्ग किंवा कर्करोग हीदेखील त्याची कारणे असू शकतात.

स्राव मुळीच होत नाही अशा स्त्रीनेही निश्चिंत होऊ नये. ग्रीवा आहे तोवर तिच्या कर्करोगाची शक्यता आहे. ‘पिशवीच नाही, मग तपासायचे काय?’ हा प्रश्न येथे चुकीचा ठरतो. भारतात २०१६ च्या शासकीय मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची ग्रीवा दर पाच वर्षांनी तपासावयाची असते. ग्रीवा राखलेली स्त्री त्यातून वगळली जात नाही. आपली ग्रीवा व बीजांडकोश ठेवले की काढले, हे रुग्णालयातून निघतानाच तिने कागदावर लिहून घ्यावे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेण्याचा प्रसंग आला, तर हा कागद पुन्हा उपयोगी पडतो. कारण अस्तराची पट्टी उरली असल्यास केवळ इस्ट्रोजेनने ती वाढू शकते, आणि अशा वेळी प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची जोड द्यावी की नाही, हे डॉक्टरांना ठरवावे लागते.