कमळ, मोगरा, गुलाब: जुन्या जाहिरातचित्रांतील फुले आणि स्त्री

मराठी घरांत पोचलेल्या रंगीत छापील चित्रांतली स्त्री आधी देवी होती, आणि तिचे फूल होते कमळ. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९०३ च्या सुमारास फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथून निघालेली लक्ष्मी कमळावर उभी आहे, वरच्या दोन्ही हातांत कमळे आहेत. पण तिचा चेहरा आणि तिची साडी चारचौघींसारखी आहे. देवीत गृहिणी दिसू लागली ती इथे. कापडाच्या गाठींवरची लेबले आणि साबणाच्या दिनदर्शिका यांना ही प्रतिमा आयती मिळाली. चिखलात वाढूनही निर्मळ राहणारे फूल मिळाल्यावर साबण विकणाऱ्याला आणखी काय हवे!

या छापखान्याशी नाशिक जिल्ह्याचे नाते दादासाहेब फाळके यांच्यामुळे जुळते. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले आणि नंतर दादरला स्वतःचा छापखाना चालवला. त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९१३ मध्ये ते नाशिकला आले आणि तिथे त्यांचा ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी काम केले. त्यांच्या आधीच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाने केले होते. रविवर्म्यांच्या चित्रात हिरवाईत झोपाळ्यावर बसलेली मोहिनी आता पडद्यावर हलती-चालती स्त्री झाली.

१९२० नंतर जाहिरातचित्रांत कमळाची जागा हळूहळू मोगऱ्याने, शेवंतीने, अबोलीने घेतली. अंबाड्यावरची वेणी किंवा गजरा केवळ शोभेचा नव्हता. विधवेला फूल वर्ज्य होते, त्यामुळे माळलेल्या फुलातून सौभाग्य, सुस्थिती आणि घरंदाजपणा एकदम सांगितला जाई. त्याआधीच्या युरोपीय चित्रकलेत, उदाहरणार्थ आल्फोन्स मुखाच्या पॅरिसमधल्या भित्तिपत्रकांत, फुले स्त्रीभोवती नक्षीसारखी वेढलेली असत. इथे ती तिचे समाजातले स्थान सांगत होती. जाहिरातीतल्या आदर्शाची कठोर बाजू हीच: ज्यांना फूल माळता येत नव्हते, त्या या चित्रांत नव्हत्याच. या चित्रांबाहेरच्या स्त्रिया मात्र दुसरीकडे दिसत होत्या. २ मार्च १९३० रोजी नाशिकला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्यात दलित स्त्रियाही उतरल्या. त्याच वर्षी किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. शिकलेल्या स्त्रीला त्यात स्वतःचा आवाज सापडू लागला, सत्याग्रही स्त्री मात्र जाहिरातीतल्या आदर्शाबाहेरच राहिली.

गुलाबाची वाट वेगळी. मुघल व्यक्तिचित्रांत हाती गुलाब धरणे ही राजेशाही रीत होती, आणि मुघल अमलात नाशिकलाच गुलशनाबाद म्हणत. जाहिरातीत मात्र हे फूल प्रेयसीचे आणि सौंदर्यप्रसाधनांचे झाले. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. आता सौंदर्य हे कुळाचे किंवा सौभाग्याचे देणे राहिले नाही. साबणाच्या वडीबरोबर ते कोणालाही मिळेल, असे आश्वासन दिले जाऊ लागले. बदल खरा होता, पण त्यातही स्त्रीने सुंदर दिसावे ही अपेक्षा तशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन गोमंतकीय चित्रकारांनी हे रूप घराघरांत नेले. दलालांचा ‘दीपावली’ हा दिवाळी अंक १९४५ पासून निघू लागला. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रीची रेषा चपळ, नजर थेट. मुळगावकरांच्या मऊ, तजेलदार देवी-देवता दिनदर्शिकांवर छापल्या गेल्या आणि मराठी भिंतींवर वर्षानुवर्षे राहिल्या. दलालांची स्त्री अधिक मोकळी, म्हणून अधिक मोलाची वाटते. तिच्या केसांतले फूल कुणाच्या सौभाग्याचा दाखला देत नाही, ते तिने स्वतः माळलेले दिसते. पुढे जाहिरातीत छायाचित्र आले, मॉडेल आली, आणि चित्रकाराने रंगवलेली फूल माळलेली स्त्री मुख्यतः उदबत्ती, अत्तर आणि तेलाच्या वेष्टनांवर उरली.