बर्फाच्या सहलीचा हिशेब

गेल्या डिसेंबरात पुतण्या, सूनबाई, त्यांची दोन मुले आणि मी असे पाच जण निलंग्याहून मनालीला गेलो. मुलांना बर्फ पाहायचा होता, थोरल्याला स्कीइंगही करायचे होते. पहिल्याच रात्री हॉटेलवाल्याने बजावले, की न्हाणीघरातला नळ थोडा चालू ठेवा, नाहीतर पाइपातले पाणी गोठून पाइप फुटेल. थंड प्रदेशातली ही साधी रीत आहे. पण २०१६ चा उन्हाळा पाहिलेल्या आमच्या सूनबाईंना काही झोप लागेना. शेवटी त्यांनी उठून नळाखाली बादली लावली, भरली की बदलली, आणि सकाळी त्याच पाण्यात सगळ्यांचे कपडे धुतले.

त्या रात्री माझ्या मनात प्रश्न आला : आपण पाण्याचे चटके सोसलेली माणसे दुसऱ्याच्या पाण्याच्या उगमावर मौज करायला जातो, तेव्हा तिथे नेमके किती ओझे टाकून येतो? मी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकलेलो नाही. गेली पंचवीस वर्षे पाऊस, विहिरी आणि टँकर यांच्या नोंदी ठेवता ठेवता जी आकडेमोड जमली, तीच इथे वापरली आहे.

खरे ओझे कुठले?

बर्फाच्या सहलीचे नुकसान म्हटले की डोळ्यांपुढे येतात चिप्सची रिकामी पाकिटे, मॅगीचे कप आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. हा कचरा वाईटच. थंडीत तो कुजत नाही आणि बर्फ वितळला की ओढ्यात जातो. पण तो दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. मोठे ओझे दिसत नाही, कारण ते वाटेतच हवेत जाते. युरोपात आल्प्सच्या स्की-गावांचे हिशेब मांडले गेले, तेव्हाही हेच निघाले. रोपवे आणि यंत्रे यांच्यापेक्षा पर्यटकांच्या ये-जा करण्यातून निघणारा कार्बन वायू कितीतरी जास्त.

आता आमचा हिशेब. आम्ही हैदराबादहून दिल्लीला विमानाने गेलो. जाऊन-येऊन साधारण २५०० किलोमीटर. जागतिक सरासरी ढोबळमानाने विमानासाठी माणशी दर किलोमीटरला सव्वाशे ग्रॅम आणि रेल्वेसाठी वीस ग्रॅमच्या आत धरतात. म्हणजे विमानाने माणशी ३०० किलो, पाच जणांचे १५०० किलो. दिल्ली-मनाली-दिल्ली सुमारे १०६० किलोमीटर मोठ्या डिझेल गाडीने केले. लिटरला बारा किलोमीटर धरले तर नव्वदएक लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे गाडीचे २४० किलो. एकूण १७४० किलो.

हाच प्रवास नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने केला असता तर? नांदेड ते दिल्ली साधारण १६०० किलोमीटर. जाऊन-येऊन माणशी ६० किलो, पाचांचे ३००. दिल्लीहून पुढे रात्रीची बस. चाळीस जणांत वाटून माणशी वीस किलो, पाचांचे १००. एकूण ४००. फरक तेराशे किलोंवर जातो. घरातला १४.२ किलोचा गॅस सिलिंडर पूर्ण जळला तर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हा फरक झाला बत्तीसएक सिलिंडरचा. आमच्या घरी सिलिंडर दीड महिना पुरतो. चार वर्षांच्या स्वयंपाकाइतका धूर आम्ही फक्त दोन दिवस वाचवण्यासाठी काढला!

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही सहलीलाबी वही घेऊनच येता का?" मी म्हणालो, वही नसती तर हे कळलेच नसते.

काळा बर्फ

आम्ही गेलो त्या दिवशी सोलंगला बर्फ नव्हता. ड्रायव्हर अटल बोगद्यातून थेट लाहौलमधल्या सिस्सूला घेऊन गेला. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. पूर्वी हिवाळाभर तुटलेल्या या खोऱ्यात आता गाड्यांची रांग लागते. रस्त्याकडेचा बर्फ राखाडी झाला होता. काळा सदरा उन्हात जास्त तापतो, तसाच काजळी बसलेला बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो.

रोहतांग खिंडीत हेच होत होते. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये रोज ६०० पेट्रोल आणि ४०० डिझेल अशा एक हजार पर्यटक गाड्यांची मर्यादा घातली. पुढे ती बाराशे झाली. २०१७ पासून हिमाचलच्या एसटीने मनाली-रोहतांग मार्गावर विजेवरच्या बसही सुरू केल्या. हंगामात बस चालू असेल, तर तिथे वेगळी गाडी करण्याचे कारण उरत नाही.

बर्फ बनवायचा तर

बर्फ कमी पडू लागला की स्कीइंगच्या उतारांवर यंत्राने बर्फ करतात. २०२२ ची बीजिंगची हिवाळी ऑलिम्पिक जवळजवळ पूर्णपणे अशाच बर्फावर झाली. आपल्याकडे उत्तराखंडात औलीलाही अशी यंत्रे बसवली गेली. एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायला सुमारे दहा लाख लिटर पाणी लागते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे अडीच एकर बर्फाला तशा दोन गाड्या! हे पाणी सगळे वाया जात नाही, वसंतात बरेचसे परत ओढ्याला मिळते. पण ते उपसले जाते ऐन हिवाळ्यात, जेव्हा ओढे सर्वांत बारीक असतात.

आणि पहाडात पाणी मुबलक असते हा आपला गैरसमज आहे. २०१८ च्या मे-जूनमध्ये सिमल्यात लोक टँकरपुढे रांगा लावून उभे होते आणि पर्यटकांनी इकडे येऊ नये, असे तिथले रहिवासी सांगत होते. लातूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग जायचेच नाही का?

तसे मी म्हणणार नाही. हॉटेल, घोडे, भाड्याचे बूट-कोट यांवर तिथली घरे चालतात. मुलांनी बर्फ पाहावा, पण तो पाहण्याची रीत बदलावी.

पहिली गोष्ट, रेल्वे आणि बस. दुसरी, दोन-तीन वर्षांत एकदाच जा, पण आठ-दहा दिवस राहा. प्रवासाचे ओझे तेवढेच राहते आणि गावाच्या हाती पैसा जास्त जातो. तिसरी, सहा दिवसांत सिमला-मनाली-डलहौसी-अमृतसर असे चार मुक्काम करू नका. एकाच गावात राहा आणि पायी फिरा. चौथी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत जा. तेव्हा बर्फ जवळच मिळण्याचा संभव जास्त, त्यासाठी गाडी दामटत पुढच्या खोऱ्यात जावे लागत नाही. पाचवी, खोलीतला हीटर. हिमाचलची बरीच वीज नद्यांवरची, पण हिवाळ्यात नद्या आटतात आणि वीज बाहेरून घ्यावी लागते. रात्री रजई पुरते. कपडे तिथेच भाड्याने घ्या, बाटली घरून न्या आणि कचरा मनालीत न टाकता निदान दिल्लीपर्यंत परत आणा.

यंदा पुतण्याने फेब्रुवारीसाठी सचखंडची चौकशी केली आहे. मुलांच्या शाळेची दोन दिवस जास्त रजा काढावी लागेल, म्हणून तो अजून कुरकुरतो आहे. सूनबाईंनी मात्र सामानाच्या यादीत घडीची बादली लिहून ठेवली आहे.