जुन्या रंध्याची जन्मतारीख

अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीचा जुना लोखंडी रंधा हाती आला, तर पातं टेकतं त्या ठोकळ्यामागे, मुठीच्या पुढ्यात पाहा. तिथे ओतकामातच पेटंटच्या तारखा उमटलेल्या असतात. १९०२च्या दोन आणि एप्रिल १९१०ची एक, अशा तीन तारखा दिसल्या, तर रंधा साधारण १९१० ते १९१८ या काळातला. पुढची लाकडी मूठ बुटकी असेल तर हा अंदाज बळकट होतो. नंतर ती उंच झाली. अर्थात, सुटे भाग बदललेलेही असू शकतात.

दुरुस्तीआधी तोंडाजवळचा तडा शोधा. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, पडलं की तिथेच चिरतं.

गंज निघाल्यावर खरं काम तळाचं. सपाट काचेवर सँडपेपर चिकटवून तळ घासा, पण पातं बसवून, ते दाबून धरणारी पट्टी नेहमीइतकी आवळून आणि धार आत ओढून घेऊन. त्या ताणाने तळ किंचित वाकतो, म्हणून रिकामा रंधा सपाट करून भागत नाही. मूळचा काळा लेप मात्र खरवडू नका. तो गेला की रंध्याचं वय सांगणारा एक पुरावा कायमचा जातो. पात्याची पाठ धारेलगत आरशासारखी झाली, की पुरे.