दिव्याचा जमाखर्च

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बॅटरीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. एरवी मलाही वाटले असते. पण २०२३ सालच्या आषाढी वारीत तरडगावच्या मुक्कामी आमच्या दिंडीचे दिवे ऐन कीर्तनात विझले आणि त्या अंधारात एका वृद्ध माणसाच्या सचोटीवर शंका घेतली गेली. म्हणून हा विषय मला शिकावा लागला.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. शिक्षणासाठी मी सांगलीला असतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. आमच्या लहानशा दिंडीबरोबर एक ट्रक असतो. तंबू, भांडी, शिधा सारे त्यात. मुक्कामावर दिवे व कर्णा चालावा म्हणून इंजिनाच्या बॅटरीखेरीज आणखी दोन बॅटऱ्या त्यात एकमेकींना जोडून बसविल्या आहेत. घरासारख्या सोयी असलेल्या मोटारीतून जे लोक देशोदेशी हिंडतात, त्यांच्या गाडीतही अशी दुसरी बॅटरी असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा तशा गाड्या आपल्याकडेही चर्चेत आल्या. आमचा ट्रक म्हणजे वारकऱ्यांची कॅरव्हॅनच!

२०२२ च्या वारीत दिवे मंद झाले होते. पुढच्या वर्षी वर्गणीतून एक नवी बॅटरी घेतली, जुनीच्या शेजारी जोडली. तरीही दिवे गेलेच. मग कुजबुज सुरू झाली, की हिशेब ठेवणाऱ्या नानांनी नवी म्हणून जुनीच आणली असावी. नानांनी मुकाट्याने पावती पुढे ठेवली. ज्यांना वाचायची नव्हती, त्यांनी ती वाचली नाही. दिव्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. दिवाळीच्या सुटीत दोन्ही बॅटऱ्या मी पुढ्यात घेऊन बसलो.

आधी बॅटरी म्हणजे काय ते पाहू. गास्तोन प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आजचीही त्याच कुळातली. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, म्हणजे सेल असतात. प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टच्या थोडा वर. एका पट्टीवर शिशाचे ऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे, मध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. वीज खर्च होते तेव्हा आम्लातले सल्फेट पट्ट्यांवर बसते आणि आम्ल पातळ होते; बॅटरी भरताना ते परत द्रवात येते. मात्र बॅटरी महिनोन् महिने रिकामी राहिली, तर त्या सल्फेटचे कठीण खडे बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

इंजिनाच्या बॅटरीला क्षणभर मोठा झटका द्यायचा असतो, म्हणून तिच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ. दिव्याच्या बॅटरीला तासन् तास थोडे थोडे द्यायचे असते, म्हणून तिच्या पट्ट्या जाड. एकीचे काम दुसरीवर लादले, तर ती लवकर मरते.

आता तपासणी. पहिली पायरी म्हणजे दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणे. जोडलेल्या असताना आजारी बॅटरी निरोगी बॅटरीलाही ओढून नेते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. त्यानंतर रात्रभर विश्रांती देऊन मीटरने दाब मोजावा. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवते. आमची नवी बारा दाखवीत होती, जुनी साडेदहा. दोन व्होल्टची तूट दिसली, की एक सेल गेला असे समजावे.

दुसरी पायरी हायड्रोमीटरची. काचेच्या नळीत आम्ल ओढून त्याचे विशिष्ट गुरुत्व पाहायचे. आमच्या प्रकारची बॅटरी भरलेली असताना ते १.२४०च्या आसपास असते. जुनीला भरून पाहिले. पाच सेल ठीक, सहावा १.११०. नवीत मात्र सहाही सेल सारखेच, १.१६०. सगळ्या तपासणीचे मर्म इथे आहे. सेलांत विषमता असेल, तर बॅटरी आजारी. सगळे सेल सारखेच खाली असतील, तर बॅटरी उपाशी. नवीला चोवीस तास चार्जरवर लावले, तेव्हा सहाही सेल १.२४० वर आले.

तिसरी पायरी दिव्याची. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे ५ अँपिअर वीज वीस तास देणारी. मोटारीचा साठ वॉटचा बल्ब नेमकी तेवढीच वीज घेतो. भरलेल्या बॅटरीला बल्ब लावून घड्याळ पाहावे आणि दाब साडेदहावर आला की बंद करून लगेच भरावी. नवी सोळा तास चालली. चार तास कमी.

हे काम मोकळ्या हवेत करावे. भरताना हायड्रोजन निघतो. ठिणगी उडता कामा नये. डोळे जपावेत. द्रव कमी असेल तर शुद्ध पाणीच घालावे, आम्ल नव्हे.

पण नवी उपाशी का राहिली? मी नानांच्या वहीसारखा तक्ता मांडला. रोजचा खर्च : दहा अँपिअर, चार तास, चाळीस. जमा : ट्रक मुक्कामामागून मुक्काम जेमतेम अर्धा तास चालणार, वीस अँपिअरने; दहा. त्यातलाही वाटा जुनीचा मेलेला सेल खाणार. शिवाय तार बारीक. इंजिनाकडे सव्वाचौदा व्होल्ट, बॅटरीकडे पोहोचत तेरा. अशा संसाराचे दिवाळे तिसऱ्या रात्री निघणारच. यात ना दुकानदाराचा दोष, ना नानांचा.

आणि ते गेलेले चार तास? वारीहून परतल्यावर बॅटरी न भरता मी चार महिने कोठारात ठेवली होती. ते चार तास माझ्या नावावर खर्च पडले.

दिंडीच्या बैठकीत मी हे सारे सांगितले, शेवटचे वाक्यही. जुनी बॅटरी भंगारात दिली, जाड तार घातली, एलईडी दिवे लावले, आणि प्रत्येक मुक्कामी कोणाच्या तरी घरून चार्जरला वीज मागायचे ठरले. २०२४ च्या वारीत तरडगावला कीर्तन संपेपर्यंत दिवे जळत होते. ज्यांनी कुजबुज केली होती, ते नानांच्या शेजारीच बसले होते. क्षमा कोणी मागितली नाही. एकाने फक्त त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

वस्तू बिघडली की आपण आधी माणसावर संशय घेतो, मग नवी वस्तू आणतो, आणि तपासणी सर्वांत शेवटी करतो. हा क्रम उलटा करावा, एवढेच मी शिकलो.